सहाव्या बोटाची टाळी

या मित्रांनो, या. असे कडेकडेनं बसू नका. कीर्तनात पुढची जागा रिकामी दिसली की देव संकोचतो म्हणतात, मग मी तर साधी वस्तू. सरका पुढं. माझा आवाज आता बारीक झालाय, पण गोष्ट मोठी आहे. एक बाई अशी, की जी कधी जन्मालाच आली नव्हती. दुसरी अशी, की जी जन्मली, राबली, गेली, तरी गावाला नीट दिसली नव्हती. त्या दोघींची भेट माझ्या काचेवर झाली. ती कशी, तेच आज सांगणार आहे.

मी एक जुना टॅब आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मधोमध तडा गेलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला. माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. तिथं एकाच रांगेत माझी हजारो भावंडं होती. कोण कुणाच्या घरी जाणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं नशीब निघालं जळगावचं, पिंप्राळ्यातल्या कोकिळाताईंच्या घरचं. ताई ब्लाउज शिवतात. त्यांचे यजमान प्रेमराजभाऊ केळीचा ट्रक घेऊन उत्तरेकडे जातात, ते आठवड्यानं उगवतात. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांच्या मेघाच्या शिक्षणासाठी मला आणलं. आल्या दिवशी ताईंनी मला चक्क हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "विद्या आली गं घरात!" कुंकवाचा तो कण पुढे कितीतरी दिवस माझ्या बटणाच्या खाचेत होता. मी मिरवत होतो.

ते माझे कौतुकाचे दिवस. मेघा माझ्यावर शिकली, शेजारची पोरं माझ्याभोवती गोळा व्हायची. मग एकदा स्कूटरवरून पडलो आणि काच तडकली. दुरुस्तीच्या दुकानातल्या तनवीरनं मला उलटंसुलटं केलं, कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, "भाभी, शक्ल गई, जान बाकी है." पुढे मेघा कॉलेजात गेली, तिला फोन मिळाला, आणि माझी रवानगी शिलाई मशीनच्या टेबलावर झाली. कशाला? तर मापाचे कागद पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वजन! अंगावर खडूची धूळ, वरून धाग्यांचे तुकडे. मित्रांनो, विद्या म्हणून घरात आलो आणि दगड म्हणून राहिलो.

पण एके दिवशी गावाहून फोन आला.

ताईंचं सासर चोपड्याच्या अलीकडे, तापीकाठी, केळीच्या बागांतलं. तिथले त्यांचे चुलत सासरे जीवराम नाना दरवर्षी हरिनाम सप्ताह उभा करतात. ताईंचं माहेर धुळ्याचं. वडील कीर्तनकारांच्या मागे मृदंग वाजवायचे, म्हणून लहानपणी त्या मृदंगाच्या शेजारीच झोपी जायच्या. कॉलनीच्या भजनी मंडळात त्या उभ्या राहिल्या की रस्त्यावरची रिक्षासुद्धा थांबते. नानांनी ते ऐकलं होतं.

"सूनबाई, यंदा एकादशीचं दुपारचं कीर्तन तुझं," नाना म्हणाले. "पण ध्यानात ठेव. गिरधर आबा सगळ्यांसमोर बोललाय, बाईचं कीर्तन कोण ऐकंल? मी शब्द दिलाय. जमलं, तर दरवर्षी एक दिवस बायांचा. फसलं, तर आपल्या गावात नारदाच्या गादीवर पुन्हा बाई उभी राहायची नाही."

फोन ठेवल्यावर ताईंनी मशीनवरचं अर्धं ब्लाउज बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मेघा, मी माझं स्वतःचं आख्यान सांगणार. केळीच्या गावाला केळीची गोष्ट!"

आणि मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली गेली!

ताईंच्या मनात एक बाई होती. सुपडाई. केळीचे घड बागेतून बांधापर्यंत वाहणारी. तिला कीर्तनाचं वेड, पण ती मांडवात कधी येत नाही, बाहेर अंधारात उभी राहून ऐकते. एका एकादशीला टाळकरी वेळेवर येत नाहीत, कीर्तनकारबुवा ध्रुपद धरतात तर मागून साथच नाही. आणि तेवढ्यात बाहेरून, केळीच्या पानांआडून, सुपडाईचा आवाज ध्रुपद उचलतो. इथवर छान होतं. मेघानं ऐकलं आणि विचारलं, "पण मम्मी, ती बाहेर का उभी राहते?"

"कपड्यांवर केळीच्या चिकाचे डाग असतात ना. लाज वाटते तिला."

"तिकडं डाग तर बठ्ठ्यांच्याच कपड्यांवर असतात, सगळ्या गावाच्या. नानांच्या सदऱ्यावरपण आहेत. मग हीच कशाला लाजंल?"

बरोबरच होतं. केळीचा चीक एकदा लागला की तपकिरी डाग जन्माचा. त्या गावात कोरा कपडा फक्त नवरदेवाचा. गोष्टीचं मर्मच पोकळ निघालं. ताई कात्री चालवताना विचार करायच्या, पोळ्या लाटताना विचार करायच्या. "मला तिचा चेहराच दिसत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "दिसली असती तर तिनंच सांगितलं असतं."

"मग बघ ना," मेघा म्हणाली आणि तिनं माझ्यावर ते एआयचं चित्रांचं यंत्र उघडून दिलं. शब्द लिहा, चित्र घ्या. ताईंनी डोक्यावर पदर घेतला, जसा कुणा पाहुण्यासमोर घेतात, आणि एका बोटानं लिहिलं: केळी वाहणारी खान्देशी बाई.

काय सांगू मित्रांनो! माझ्या काचेवर एक नटी अवतरली. अंगावर भरजरी नऊवारी, नाकात टपोरी नथ, हातात परडी, आणि परडीत केळी, सफरचंद, वर द्राक्षाचा झुबका.

"अगं बाई, ही तर ओटी भरायला निघाली!" ताई हसून हसून मशीनवर आडव्या झाल्या.

मग त्यांनी सविस्तर लिहिलं. नथ काढा. साधी गोल साडी, पदर कमरेला खोचलेला. डोक्यावर चुंबळ. यंत्रानं ऐकलं, पण केळी आंब्यासारख्या झाडाला लटकवली. चिकाचे डाग लिहिले, तर त्याला रंगपंचमी वाटली. गुलाबी, हिरवे शिंतोडे! कीर्तनकारबुवा मागितले, तर बर्फात बसलेला जटाधारी साधू पाठवला. "हे बुवा थंडीनं गारठले, यांना पहिले चहा द्या," म्हणत ताईंनी त्यांना परत धाडलं.

पण एक गंमत होत होती. यंत्राला चुकीचं दिसलं, की ताईंना बरोबरचं आठवायचं. तिची मान घडाच्या ओझ्यानं जरा डावीकडं कललेली असते, हे त्यांनी आधी कुठं लिहिलं होतं? पिकलेले केस, हनुवटीवर गोंदलेले ठिपके, त्यातला एक पुसट, हेही नव्हतं. डोळे बारीक, कारण उन्हात बघायची सवय. ओठ मिटलेले, पण आतल्या आत काहीतरी गुणगुणणारे. यंत्राला समजावता समजावता ताईंना सुपडाई समजत चालली होती. ताई लिहीत होत्या, पुसत होत्या, बॉबिनमधला दोरा संपला तरी मशीन नुसतंच चालवत होत्या!

आणि मग ती आली. माझी तडकलेली काच उजळली. डोक्यावर केळीचा घड, कललेली मान, तपकिरी डागांचा पदर, उन्हातले बारीक डोळे. ताईंनी हातातली कात्री खाली ठेवली.

"आलीस का गं माय," त्या हळूच म्हणाल्या.

मेघानं जवळ येऊन पाहिलं आणि फिस्सकन हसली. "मम्मी, बोटं मोज."

घडावर टेकवलेल्या डाव्या हाताला सहा बोटं होती. ही यंत्राची जुनी खोड आहे मित्रांनो. चेहरे काढतं देखणे, बोटांत मात्र त्याचा हिशेब चुकतो. ताईंनी दुरुस्त करायला सांगितलं, तर पाच बोटांची जी आली ती सुपडाईच नव्हती. चेहरा दुसराच! ताई म्हणाल्या, "राहू दे. मलाच तर बघायचीय." आणि आनंदाच्या भरात ते चित्र त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: ही माझी सुपडाई.

घरच्या ग्रुपवर जीवराम नाना होते.

एकादशीच्या सकाळी आम्ही एसटीनं गावात उतरलो. मी ताईंच्या पिशवीत, टाळांच्या जोडीशेजारी. वेशीपाशी माणसं जमलेली. बाया पदर तोंडाला लावून उभ्या. एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर उपरणं टाकून पुढे आले आणि ताईंना म्हणाले, "वाईट व्हयनं पोरी. कवय गयी ती?"

"कोण गेली बाबा?" ताई घाबरल्या.

म्हाताऱ्यांनी वर बोट दाखवलं. वेशीवर मोठ्ठा फ्लेक्स, आणि त्यावर आमची सुपडाई! नानांनी हौसेनं, कुणाला न विचारता, चित्र छापायला दिलं होतं. फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं आजूबाजूला कमळं घातली, दोन्हीकडे समया लावल्या. खालच्या भागात सप्ताह, कीर्तन, ताईंचं नाव, सगळं होतं. पण पहाटेच्या वाऱ्यानं खालची दोरी तुटून तेवढाच भाग वर गुंडाळला गेला होता. आता म्हाताऱ्या बाईचा फोटो, समया आणि कमळं एवढंच वेशीवर दिसलं, तर आपल्याकडं माणूस काय समजेल? सकाळपासून लोक दुखवट्याला नानांच्या दारावर बसायला येत होते! ओसरीवर नाना कपाळाला हात लावून ओरडत होते, "अरे कोनी नही गयं! बठ्ठा जित्ता शेतस! चहा पिऊन घरी जा!"

दोरी पुन्हा बांधली, नाव दिसलं, लोक हसले. आणि मग कुणीतरी बोटं मोजली.

गिरधर आबा फ्लेक्सखाली काठी टेकून उभे राहिले. "नाना, मोजले का? मी मोजले. सहा! तुझी सून गोष्टपण अशीच सांगनार का, एक जास्तीचं लावून?"

सगळी वेस हसली. पोरांनी नाव पाडलं, छक्कीबाई. हा हा म्हणता ते मांडवात पोचलं, स्वयंपाकाच्या चुलीपाशी पोचलं. ताईंचा चेहरा उतरला. नाना जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, चूक माझीबी आहे. पण दुपारी तू सुपडाईचं नाव घेशील आणि लोक बोटं नाचवतील. कीर्तन हातातून जाईल."

"त्या हातावर हार टाकू का?" कुणीतरी सुचवलं.

"हार टाकला तर पुन्हा लोक दारावर येतील," मेघा म्हणाली.

शेवटी नानांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढलं. शिडी लावली. हात झाकायचा, बस्स. ताईंनी मान हलवली, म्हणाल्या, "झाका."

"झाकू नका!"

आवाज मागून आला. भिकुबाई. गावाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या, पाठीत वाकलेल्या. त्या फ्लेक्सकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"हाई मनी तापी शे," त्या म्हणाल्या, म्हणजे ही माझी तापी आहे. "मनी मोठी बहीण. तिना तं फोटूच नही. हाऊ कोनी काढा?"

ताईंनी त्यांना हाताला धरून पारावर बसवलं. भिकुबाई सांगत गेल्या. तापीबाईंना डाव्या हाताला सहा बोटं होती. लहानपणी आईनं सांगितलं, हात झाक, लग्न जमायचं नाही. ते तसंही जमलं नाही. त्या भिकुबाईंच्याच घरी राहिल्या, जन्मभर याच गावच्या बागांत घड वाहिले, डावा हात पदरात गुंडाळून. गावात कुणालाच ते बोट कधी दिसलं नाही. कीर्तनाचं फार वेड. पण मित्रांनो, कीर्तनात काय करावं लागतं? टाळी वाजवावी लागते! तापीबाई टाळी वाजवायच्या नाहीत. हात बाहेर कसा काढणार? एकदा भर मांडवात कुणीतरी त्यांना हटकलं, टाळी वाजवायला कमीपणा वाटत असेल तर बाहेर उभी राहा. त्या उठल्या. तेव्हापासून शेवटपर्यंत त्यांनी कीर्तन बाहेर उभं राहून ऐकलं.

पिशवीत मी थरारलो. मेघानं ताईंकडे पाहिलं, ताईंनी मेघाकडे. *ती बाहेर का उभी राहते?* जे ताईंना सापडत नव्हतं, ते असं पारावर येऊन बसलं होतं.

आता बघा, ताई गप्प बसल्या असत्या तरी चाललं असतं. म्हातारीला बहीण भेटली होती. पण देवाच्या दारात उभं राहायचं तर जीभ स्वच्छ हवी. ताई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"अक्का, ही तापीबाई नाही. ही माझ्या मनातली बाई आहे, यंत्रानं काढलेली. सहावं बोट त्याच्याकडून चुकून आलं. मी तर ते झाकायला निघाले होते."

भिकुबाईंनी पुन्हा वर फ्लेक्सकडे पाहिलं. मग पदरानं डोळे पुसले.

"चुकीसन का व्हयेना, हात बाहेर उना ना बाई! जलमभर तिनी पदरमा दपाडी ठेवा. आज बठ्ठा गावना मोरे हात उघडा करीसन उभी शे."

"तुमची परवानगी असली तर तिची गोष्ट सांगू का आज?"

"सांग. पन तिनं नाव लेजो, तापी म्हनीसन."

नानांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं.

दुपारी वेशीलगतचा मांडव भरला. हरिनामाला कमी आणि सहा बोटांना जास्त, असे लोक आले होते. गिरधर आबा पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकवून. मला पेटीशेजारच्या स्टुलावर उभं केलं होतं; माझ्या काचेवर ताईंचं टंकलेलं आख्यान. नमन झालं, पूर्वरंग झाला, ताईंचा गळा लागला आणि मृदंगावर थाप पडली. मग त्या म्हणाल्या, "आता सुपडाई," आणि मागून कुणीतरी पंजा वर करून सहा बोटांची खूण केली. हशा पिकला.

ताई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बॅटरी तेव्हाच डोळे मिटत होती. काच मिणमिणली आणि काळी झाली. उजेड गेला, पण मित्रांनो, कान जागे होते; जे दिसलं नाही, ते मागाहून मेघाच्या तोंडून ऐकलं. आणि पुढं जे त्या बोलल्या ते माझ्यावर लिहिलेलंच नव्हतं.

"हसा," त्या म्हणाल्या. "मीपण हसले होते. वेशीवरची बाई खरी नाही, ती मी रचली, यंत्रानं काढली. सहावं बोट यंत्राची चूक आहे. पण तुमच्या गावात एक बाई होऊन गेली, तिला ते बोट देवानं दिलं होतं. देवाची मोजणी चुकते का, ते तुम्ही सांगा. तिचं नाव तापीबाई."

वर गेलेला पंजा खाली आला. मग ताईंनी सुपडाई आणि तापीबाई अशा एकमेकींत ओवल्या, की कुठली रचलेली आणि कुठली जगलेली ते सांगूनही वेगळी दिसेना. घडाखाली कललेली मान. पदरात गुंडाळलेला हात. आणि भर मांडवातला तो बोल: टाळी वाजवायला कमीपणा वाटत असेल तर बाहेर उभी राहा. कोण बोललं, ते ताईंना ठाऊक नव्हतं. भिकुबाईंनी सांगितलंच नव्हतं. "कुणीतरी म्हणालं," एवढंच ताई म्हणाल्या. "आणि ती उठली. आपण समजलो, गर्विष्ठ आहे. देव तिच्यामागं बाहेर गेला, ते आपल्याला कळलंच नाही."

तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी वाजली. गिरधर आबा उठले.

लोक वळून बघू लागले. नानांनी डोळे मिटले. आबा उठून चालले म्हणजे कीर्तन गेलं, शब्द गेला, गादी गेली. आबा कुणाकडे न बघता माणसांतून वाट काढत मांडवाबाहेर पडले. ताई थांबल्या नाहीत. त्यांनी ध्रुपद धरलं. टाळकरीही आबांच्याच वाटेकडे बघत राहिलेले. मागून साथ येईना.

आणि बाहेरून टाळी आली.

एकटी, सावकाश, म्हाताऱ्या हातांची. मेघानं मला छातीशी धरून उभं राहून पाहिलं. गिरधर आबा वेशीवरच्या त्या फ्लेक्सखाली उभे होते. काठी काखेत, मान खाली, आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवत होते. बाहेर उभे राहून.

मग काय सांगू! आधी भिकुबाई, मग नाना, मग सगळा मांडव. सकाळी बोटं मोजणारी पोरंसुद्धा! टाळ उठले, मृदंग उठला, पत्रे थरथरले. ताईंचा स्वर त्या टाळ्यांच्या वर तरंगत होता, आणि माझ्या तडक्यातून तो माझ्या आतल्या तारांपर्यंत पोचला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, मलाही दोन हात असते तर!

कीर्तन संपल्यावर आबा नानांजवळ आले. कुणाच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाले, "पुढल्या साली फ्लेक्स मी लावतो. बोटं सहाच राहू दे." आणि थोडं थांबून, "आणि सूनबाईला सांग, लवकर ये म्हणा. दोन दिवस दे तिला."

मित्रांनो, आता मी फार चालत नाही. चार्जर लावला तरच डोळे उघडतो. पण मापाच्या कागदांवर मला कुणी ठेवत नाही; देवघराच्या शेजारी, टाळांच्या जोडीजवळ माझी जागा आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं काही असेल तडकलेलं, कोपऱ्यात पडलेलं. फेकण्याआधी एकदा पुसून बघा, जान बाकी असते.

आणि एक एवढं करा. उद्या कुठल्याही मांडवात बसाल, बुवा म्हणतील टाळी वाजवा, तेव्हा वाजवण्याआधी एकदा मागं वळून बघा, बाहेर कुणी उभं आहे का. असेल तर जागा द्या. नसेल, तर तुमची पहिली टाळी तापीबाईंच्या नावानं वाजवा. तिची राहून गेली होती.